बाबा तोच तोच सिनेमा लावतात, त्यांना दुसरं काय द्यावं? कॅबिनमधल्या माणसाचं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि दोन दिवस डोक्यातनं गेला नाही, म्हणून जरा सविस्तरच लिहितो. तुम्ही लिहिलंय की बाबा रिटायर झाल्यापासून तेच तेच चार सिनेमे लावून बसतात, 'अशी ही बनवाबनवी' तर आठवड्यातनं दोनदा, घरातल्या लहान पोरांनासुद्धा डायलॉग पाठ झालेत आणि आता सगळ्यांना वैताग यायला लागलाय. नवीन काही लावून दिलं की पंधरा-वीस मिनिटांत त्यांचा डोळा लागतो. आणि शेवटी विचारलंय की हे नॉर्मल आहे का, आणि परत परत बघावेसे वाटतील असे दुसरे कुठले सिनेमे पेनड्राईव्हवर भरून देऊ.

मी सांगली-साताऱ्याच्या बाजूला एका तालुक्याच्या गावी सिंगल स्क्रीन थिएटरात ऑपरेटर होतो. १९८३ ला हेल्पर म्हणून लागलो, रिळं गुंडाळायचं काम, मग लायसन्स काढलं आणि २०१२ ला थिएटर बंद होईपर्यंत प्रोजेक्टरच्या शेजारीच उभा होतो. आमच्याकडं रोज तीन खेळ, म्हणजे आठवड्याला २१. एखादा सिनेमा चार आठवडे चालला की तो माझा ८४ वेळा झालेला असायचा, मला आवडो न आवडो. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या इथल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये छोट्या प्रोजेक्टरवर सिनेमा लावतो, चाळीसेक माणसं येतात, बहुतेक सगळी सत्तरीच्या पुढची. त्यामुळं तुमच्या बाबांसारखी माणसं मी दोन्ही बाजूंनी बघितलीत, तरुणपणी तिकीट काढून परत परत येणारी आणि आता म्हातारपणी 'तोच लाव की रे' म्हणणारी.

आधी नॉर्मल आहे का ते. हे थोडं परिस्थितीवर आहे आणि मी डॉक्टर नाही, पण एक गोष्ट मी हजारो खेळांत बघितलीय ती सांगतो. प्रोजेक्टरच्या कॅबिनच्या भिंतीला एक छोटी खिडकी असते, पडद्यावरचा फोकस बघायला, तिथनं खाली माणसांची डोकी दिसतात आणि आवाज ऐकू येतो. पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला विनोदी डायलॉग झाला की अर्धा सेकंद शांतता आणि मग हशा. तिसऱ्या आठवड्यात काय व्हायचं माहितीये का, हशा डायलॉगच्या आधी यायचा. नट तोंड उघडायच्या आतच स्टॉलमधनं हसू फुटायचं. त्यावरनं मला कळायचं की आज परत येणारी माणसं जास्त आहेत. तर तुम्ही बाबांच्या शेजारी बसा आणि बघा ते कधी हसतात. 'धनंजय माने इथेच राहतात का?' यायच्या आधीच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं असेल तर त्यांची आठवण ठणठणीत आहे, त्यांना पुढचं सगळं माहिती आहे आणि म्हणूनच ते बसलेत. पण काल बघितलेला सिनेमा आज पहिल्यांदाच बघितल्यासारखा विचारत असतील, हा कोण, हा इथं कसा आला, आणि तसंच जेवण झालं का औषध घेतलं का हेही विसरत असतील, तर मग सिनेमाचा विषय बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. कान पण तपासून घ्या. ऐकू कमी येणारा माणूस नवीन सिनेमा सोडून देतो कारण त्याला डायलॉग पकडता येत नाहीत, जुना मात्र बघू शकतो कारण डायलॉग त्याच्या डोक्यात आधीच आहेत. आमच्या संघात दोघांचं असंच निघालं, मशीन बसवल्यावर त्यातले एकजण नवीन सिनेमा पण पूर्ण बघायला लागले.

आता खरा प्रश्न. तुम्हाला वाटतंय की बाबांना चांगले सिनेमे दाखवले की ते जुने सोडतील. तर ताई, चांगला सिनेमा आणि परत परत बघवणारा सिनेमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'श्वास' घ्या, २००४ चा, राष्ट्रपतींचं सुवर्णकमळ मिळालं, भारताकडनं ऑस्करला गेला. मी संघात लावला. सिनेमा संपल्यावर हॉलमध्ये पाच मिनिटं कुणी खुर्चीतनं उठलं नाही, एक आजोबा चष्मा पुसत बसले होते, आणि पुढच्या महिन्यात परत लावू का विचारलं तर सगळे म्हणाले नको, एकदा बघितला ते आयुष्यभर पुरेल. 'सैराट'चं पण बघा, माझा पुतण्या तो पंधरा-वीस वेळा तरी बघून बसलाय पण दरवेळी मधेच बंद करतो, शेवट त्याने एकदाच बघितला. त्याला सिनेमा आवडत नाही असं नाही, उलट इतका लागलाय की शेवटाकडं परत जायची हिंमत होत नाही.

मग परत परत बघवणारा सिनेमा ओळखायचा कसा? मला हे ज्या प्रकारे कळलं ते सांगतो, कारण तुम्हाला तेच वापरता येईल.

कॅबिनमध्ये दोन प्रोजेक्टर असायचे. एका स्पूलवर २००० फूट फिल्म, म्हणजे साधारण २२ मिनिटं. एक स्पूल संपत आला की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका चमकतो, तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका आला की चेंजओव्हर मारायचा, लोकांना कळत पण नाही की मशीन बदललं. मग संपलेला स्पूल काढायचा आणि रिवाइंडरवर हाताने उलटा गुंडाळायचा. हा रिवाइंडर मागच्या भिंतीला. म्हणजे सिनेमाचा बराच भाग मी पडद्याकडं पाठ करून ऐकलाय, कॅबिनमध्ये एक मॉनिटर स्पीकर असतो त्याच्यावर. हाताला फिल्म लागत असायची, कुठं जॉइंट सुटलाय का, कुठं काठ फाटलाय का, आणि कान सिनेमात.

आणि वर्षानुवर्षं असं ऐकून माझ्या लक्षात आलं की काही सिनेमे पडद्याकडं पाठ करून पण पूर्ण दिसतात. 'शोले' घ्या. तो १९७५ चा, मी लागायच्या आधीचा, पण पेरणीच्या नाहीतर परीक्षांच्या दिवसात गर्दी नसली की मालक जुनी प्रिंट मागवायचे, रिपीट रन म्हणायचो आम्ही, त्यात 'शोले' दीड-दोन वर्षांनी एकदा ठरलेला. तीन तास वीस मिनिटांचा सिनेमा, नऊ-दहा स्पूल, आम्हाला दमवायचा. पण तो ऐका. खडकावरनं घासत येणारा पट्टा आणि बुटांचा आवाज, गब्बर अजून पूर्ण दिसलेला पण नसतो. जयचा माउथ ऑर्गन. ठाकूरच्या घरातलं सगळं झाल्यावर नुसता झोपाळ्याचा करकर आवाज येत राहतो, त्या आवाजाला मी रिवाइंडरचं हँडल फिरवायचं थांबवायचो, दरवेळी, ठरवून नाही, हातच थांबायचा. लोकांनी त्या काळात याच्या नुसत्या डायलॉगच्या रेकॉर्डी घरी नेऊन ऐकल्या, लग्नात, गणपतीत लाऊडस्पीकरवर लागायच्या, पडदा नाही, चित्र नाही, नुसते डायलॉग. जो सिनेमा नुसता ऐकून पुरतो तो परत बघायला कंटाळा येत नाही, हा माझा अनुभव आहे. (आणि एक सांगावंसं वाटतं, 'शोले'ला फिल्मफेअरचं एकच अवॉर्ड मिळालं, ते एडिटिंगचं, एम. एस. शिंदे यांना. आपला मराठी माणूस. आम्हा रिळं हाताळणाऱ्यांना त्याचं फार कौतुक होतं.)

हे घरात कसं लागू होतं तर, बाबा सिनेमा लावून पेपर वाचतात का? भाजी निवडतात का? डोळे मिटून पडतात का? तुम्ही म्हणता ते टीव्ही लावून बघत पण नाहीत. ताई, ते ऐकतायत. रिटायर माणसाच्या घरात सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच फार शांत असतं, सगळे कामावर, पोरं शाळेत. तेव्हा ओळखीचे चार आवाज घरात असावेत एवढंच त्यांना हवं असेल. नवीन सिनेमा हे देऊ शकत नाही, तो लक्ष मागतो.

दुसरी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. परत बघवणाऱ्या सिनेमात बघणाऱ्याला पहिल्यापासूनच सगळं माहिती असतं. रहस्यपट बघा, खुनी कोण हे आपल्याला माहिती नसतं, कळलं की अर्धी मजा गेली, आमच्याकडं असे सिनेमे दुसऱ्या आठवड्यात हमखास पडायचे कारण चौकातच कुणीतरी खुनी सांगून टाकायचा. 'बनवाबनवी'त काय आहे? सुधा आणि पार्वती या बायका नाहीत हे आपल्याला पहिल्याच वेळी माहिती असतं, माहिती नसतं ते घरमालकीण लीलाबाई काळभोरना. म्हणजे आपण धनंजय मानेच्या बाजूला बसलोय, त्याच्या गुपितात सामील आहोत. पन्नासाव्या वेळेला पण आपली जागा तीच राहते. काहीही कमी होत नाही. उलट पुढं कुठं फसणार हे आधी माहिती असल्यामुळं घालमेल गोड होते. आणि एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं, ही साखळी वसंत सबनीसांनी इतकी घट्ट बांधलीय की मधला कुठलाही सीन काढला तर पुढचा उभा राहत नाही.

आणि त्यात चार-चार माणसं एकाच वेळी पडद्यावर असतात. बोलतोय एकजण, पण कोपऱ्यात अशोक सराफ काय करतायत ते बघा. पहिल्यांदा आपण बोलणाऱ्याकडं बघतो. तिसऱ्यांदा ऐकणाऱ्याकडं. दहाव्यांदा सुधीर जोशींच्या सरपोतदारांकडं नुसतं बघायचं, त्यांचा संशय हळूहळू कसा चढतो ते. मी एकदा पूर्ण आठवडाभर फक्त लक्ष्मीकांत बेर्डेंचे हात बघितलेत, पदर सावरताना, पिशवी धरताना, एक पण वेळ तेच ते वाटलं नाही. बाबांना विचारा की आज कुणाकडं बघत होता, बघा काय सांगतात, मला खात्री आहे तुम्हाला माहिती नसलेलं काहीतरी सांगतील.

छोटी माणसं हा पण एक भाग आहे. 'शोले'तला सांभा किती बोलतो? जवळजवळ काहीच नाही. कालिया दोन-तीन सीनमध्ये. तो आपला विजू खोटे. तेच विजू खोटे १९९४ च्या 'अंदाज अपना अपना'त रॉबर्ट झाले. तो सिनेमा आमच्याकडं एक आठवडा पण धड चालला नाही, प्रिंट परत पाठवताना मला वाईट वाटलं होतं कारण मी आणि डोअरकीपर दोघंच रोज हसायचो. नंतर केबलवर, टीव्हीवर लोकांनी तो इतका बघितला की आता कुणाला खरं वाटत नाही तो पडला होता. मोठे हिरो सगळ्याच सिनेमात असतात, पण परत बघवणाऱ्या सिनेमात पाच मिनिटांचा माणूस पण पूर्ण असतो, त्याला स्वतःचं घर, स्वतःची अडचण असल्यासारखी वाटते.

आता एक प्रसंग सांगतो, त्यावरनं लोक कशासाठी परत येतात ते मला कळलं. 'पिंजरा'ची जुनी प्रिंट आली होती, रिपीट रनला. आधीच्या गावांमधनं फिरून आलेली, ठिकठिकाणी जॉइंट, पडद्यावर रेषांचा पाऊस. मी चेक करताना बघितलं तर एका लावणीच्या सुरवातीचा तुकडा गायब, कुणीतरी कापून घेतलेला, तेव्हा असं सर्रास चालायचं. मोजला तर साधारण चाळीस फूट. चाळीस फूट म्हणजे पडद्यावर २६-२७ सेकंद. मालकांना सांगितलं, ते म्हणाले अर्ध्या मिनिटाने काय होतंय, लाव. लावला. पहिल्यांदा बघणाऱ्यांना काहीच कळलं नाही, ते आपले बघत होते. पण मधल्या रांगांमधनं एकदम खुर्च्या आपटायला सुरवात, शिट्ट्या, 'ऑपरेटर, गाणं लाव' म्हणून ओरडा. ती सगळी माणसं आधी तीन-तीन चार-चार वेळा बघितलेली होती, त्यातली काही शेजारच्या गावातनं सायकलवर आलेली, आणि ती आली होती त्याच सत्तावीस सेकंदांसाठी, ढोलकी सुरू होते आणि नाचणारी पहिलं पाऊल टाकते तेवढ्यासाठी. मी खाली जाऊन हात जोडून सांगितलं की प्रिंटच तशी आलीय. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, गोष्ट तर आम्हाला घरी पण सांगता येते, आम्ही ह्याच्यासाठी आलो होतो. त्या दिवसापासनं मी कुठलीही जुनी प्रिंट आली की आधी गाणी मोजायचो, मगच पोस्टर लावायला सांगायचो.

तसंच आमच्या थिएटरच्या समोर एक पानपट्टीवाले होते. रात्री दुकान बंद करून शेवटच्या खेळाचा शेवटचा अर्धा तास बघायला यायचे, रोज, डोअरकीपर सोडायचा. कितीतरी सिनेमे त्यांनी कधी पूर्ण बघितलेच नाहीत. तर तुमच्या बाबांचा पण असा एखादा तुकडा असणार. तो कुठला आहे ते शोधा. पूर्ण सिनेमा हवा असं नसतं, कधीकधी तो तुकडा येईपर्यंत बाकीचं चालू ठेवलेलं असतं.

आणि आता जी गोष्ट तुम्हाला कदाचित आवडणार नाही ती. १९९१ ला 'माहेरची साडी' आला. आमच्याकडं इतकी गर्दी मी त्याआधी बघितली नव्हती आणि नंतर पण क्वचित. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बायका यायच्या, दुपारच्या खेळाला, डबे घेऊन. एक बाई मला ओळखू यायला लागल्या कारण त्या दर तीन-चार दिवसांनी दिसायच्या, हिरवं लुगडं, कडेला एक पोर. पण दरवेळी त्यांच्या सोबत कोण वेगळं. एकदा आई, एकदा बहीण, एकदा बहुतेक नणंद, मग शेजारची. आणि माझ्या खिडकीतनं मला स्पष्ट दिसायचं, उषा नाडकर्णींची सासू अलका कुबलला छळायला लागली की या बाई पडद्याकडं बघायच्याच नाहीत, त्या शेजारच्या बाईच्या तोंडाकडं बघायच्या. तिला रडू आलं की ह्यांना रडू यायचं. त्यांना स्वतःला सिनेमा दुसऱ्यांदा बघायचाच नव्हता, त्यांना कुणालातरी तो दाखवायचा होता, त्यांच्या स्वतःच्या घरात बोलता येत नसलेलं काहीतरी त्या सिनेमाकडनं सांगून घेत होत्या असं मला वाटतं.

म्हणून विचारतो ताई, बाबा 'बनवाबनवी' लावतात तेव्हा तुम्हाला हाक मारतात का? 'अगं ये, तो सीन आला' म्हणतात का? आणि तुम्ही काय करता? तुम्ही लिहिलंय की सगळे वैतागलेत आणि आपापल्या खोलीत जातात. मला तुम्हाला दोष द्यायचा नाही, दिवसभर काम करून आल्यावर पन्नासाव्यांदा तेच बघणं सोपं नाही हे मला कळतं. पण पूर्ण सिनेमा बसायची गरज नाही. त्यांचा जो तुकडा आहे तेवढ्याला येऊन बसा, दहा मिनिटं, आणि हसा. माझा संघातला अनुभव असा की नवीन सिनेमाला माणसं झोपतात ती एकटी असताना. शेजारी कुणी असलं की तीच माणसं दोन तास जागी असतात, मधे चहा दिला तर अजून.

तरी हे सगळ्यांनाच लागू होईल असं मी म्हणत नाही. काही माणसं नुसती गारव्याला आणि टेकायला पण येतात. मुंबईला मराठा मंदिरला 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' १९९५ पासनं चालू, २०१४ च्या डिसेंबरात १००० आठवडे झाले. मी एकदा मुद्दाम जाऊन बसलो होतो, समोरच मुंबई सेंट्रलचा एसटी डेपो, पलीकडं रेल्वे स्टेशन. माझ्या रांगेत एकजण बॅग मांडीवर घेऊन शांत झोपला होता, त्याची गाडी दुपारची असावी. आणि त्याच्या पुढच्या रांगेतली तीन पोरं प्रत्येक डायलॉग आधी म्हणत होती. तिकीट एकच, पण गरज वेगळी. आणि चित्रकार एम. एफ. हुसेन, आपल्या पंढरपुरात जन्मलेले, त्यांनी 'हम आपके है कौन' साठहून जास्त वेळा बघितला म्हणतात, ते माधुरीसाठी, हे त्यांनी कधी लपवलं नाही, पुढं तिला घेऊन स्वतः सिनेमा पण काढला. तर बाबांचं कारण काय आहे ते तुम्हालाच बघावं लागेल, मी इथनं अंदाज सांगतोय.

आता पेनड्राईव्हमध्ये काय भरायचं. एकदम पन्नास सिनेमे टाकू नका, माणूस यादी बघूनच दमतो आणि परत जुनाच लावतो. चार-पाच टाका आणि ते त्यांच्या आवडत्या सिनेमाला कुठंतरी जोडलेले असू देत. 'बनवाबनवी'चं मूळ १९६६ चा 'बीवी और मकान', हृषीकेश मुखर्जींचा. म्हणजे बाबांना नकळत हृषीदांची चव आधीच लागलेली आहे. तर त्यांचाच 'गोलमाल' द्या, १९७९ चा, अमोल पालेकर आणि उत्पल दत्त. परत तेच, मिशीचं गुपित आपल्याला माहिती, भवानी शंकरना नाही. मग 'चुपके चुपके', त्यात ड्रायव्हर खरा कोण हे आपल्याला माहिती. मग गुलजारांचा 'अंगूर', दोन जोड्या जुळ्यांच्या, आणि फक्त आपल्यालाच कळतंय कोण कुठला. संघात 'अंगूर' लावला तेव्हा पहिल्या वीस मिनिटांत थोडी चुळबुळ झाली, हे आधी सांगून ठेवतो, पण गोंधळ सुरू झाल्यावर संजीव कुमार आणि देवेन वर्मांनी हॉल डोक्यावर घेतला आणि तो आमच्याकडं आता दरवर्षी लागतो.

मराठीत 'बनवाबनवी'च्या दिग्दर्शक सचिनचाच 'गंमत जंमत' बघा, १९८७ चा. 'नवरा माझा नवसाचा' तर नक्की टाका, एसटीतनं गणपतीपुळ्याला जाणारी माणसं, अशोक सराफ कंडक्टर, सगळी बस म्हणजे छोट्या छोट्या माणसांनी भरलेली, आणि गाणी पण आहेत. ज्यांनी आयुष्यभर एसटीचा प्रवास केलाय त्यांना तो फार जवळचा वाटतो, आमच्यातले एक निवृत्त कंडक्टर प्रत्येक स्टॉपला मान डोलावतात. दादा कोंडकेंचे सिनेमे बाबांच्या पिढीला पाठच असणार, पण घरात नातवंडं असतील तर वेळ बघून लावा. आणि बाबांना गाण्याचं वेड असेल तर 'कट्यार काळजात घुसली' चालेल, तो मी सांगितलेल्या पडद्याकडं पाठ करून ऐकायच्या परीक्षेत शंभर टक्के पास होतो.

ही परीक्षा तुम्ही घरी करून बघा. सिनेमा लावा, टीव्हीकडं पाठ करून पोळ्या लाटा नाहीतर कपड्यांच्या घड्या घाला. वीस मिनिटांनी मागं वळून बघावंसं वाटलं नाही तरी सगळं कळत असेल आणि मजा येत असेल तर तो बाबांना द्या. नुसतं शांत शांत चित्र असेल आणि वळल्याशिवाय काही कळत नसेल तर तो सिनेमा भले कितीही मोठा असो, दुपारी एकट्या माणसाला नको, तो तुम्ही सगळे मिळून रात्री बघा.

मशीनचं पण थोडं सांगतो कारण हे कुणी सांगत नाही. नवीन टीव्हीत चित्र गुळगुळीत करायची एक सेटिंग असते, प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची, टीव्ही मधे स्वतःच्या फ्रेमा घुसवतो आणि जुना सिनेमा एकदम सिरीयलसारखा दिसायला लागतो. ती बंद करा. दुसरं, जुन्या सिनेमांचं चित्र चौकोनी असेल तर ते ओढून पूर्ण स्क्रीनभर करू नका, दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या राहू देत. ओढलं की माणसं बुटकी आणि जाड दिसतात, आणि ज्याने तो सिनेमा थिएटरात बघितलाय त्याला काहीतरी चुकतंय हे जाणवतं, काय ते सांगता येत नाही. आमच्या संघात मी हे दोन बदल केले तेव्हा एक आजी म्हणाल्या, आज कसं खरं पिक्चर वाटलं. आवाज वाढवण्यापेक्षा एक साधा छोटा स्पीकर त्यांच्या खुर्चीजवळ ठेवा, घरातल्यांना त्रास कमी आणि त्यांना डायलॉग स्वच्छ.

आणि नवीन सिनेमा लावायचा तर जुन्याच्या जागी लावू नका. मंगळवारी-शुक्रवारी ते 'बनवाबनवी' बघत असतील तर ते दिवस त्यांचेच राहू देत, रविवारी संध्याकाळी सगळे घरात असताना नवीन लावा, अर्ध्यात थांबवून चहा द्या, अगदी थिएटरसारखं इंटरव्हल करा, आणि झोपले तर झोपू दे, उठवू नका, दुसऱ्या दिवशी तिथनं पुढं लावा. आमच्याकडं एखादा सिनेमा माणसांच्या अंगवळणी पडायला तीन वेळा तरी लावावा लागतो, पहिल्यांदा बघतात, दुसऱ्यांदा ओळखतात, तिसऱ्यांदा आधी हसतात.

दोन-तीन रविवार करून बघा आणि इथं लिहा कुठला चालला. आणि बाबांचा तो तुकडा कुठला निघाला, कुठल्या सीनला ते आधीच हसतात, तेवढं नक्की लिहा, मला खरंच जाणून घ्यायचंय.